गार बिब्बा

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

आज सरकारी औषधाच्या बाटल्या नाल्यात फेकल्या. सगळ्या. खोक्यासकट.

आमच्या मच्छिंद्रदादाची सोनी दीड वर्षाची. भिंतीचा पोपडा काढून खाते, रंग कागदासारखा पांढरा. गेल्या आठवड्यात उपकेंद्रावरच्या नव्या नर्सबाईनं तिला रक्तवाढीचं औषध दिलं, अन् पोरीची शी कोळशासारखी काळी झाली. आई ओरडली. मंग शेजारच्या झुंबरकाकूच्या नातवाची तशीच. मंग कारभारीच्या घरची. पारावर माणसं जमली. मी म्हणलं, हे इख हाय, मुदत गेलेला माल आपल्या माथी मारून राह्यले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलेला गावात मी एकटाच, त्यामुळं माझं लोकाला पटतं. (कॉलेजातून कुणी काढलं न्हाई. प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, मी कोट टेबलावर फेकला अन् निघून आलो.)

घरोघरच्या बाटल्या खोक्यात भरून उपकेंद्रावर गेलो तर ती दारातच उभी. कौसल्या सिस्टर. मंठ्याची आहे म्हणे.

"लेकरांची शी काळी झाली. जबाब द्या!" मी म्हणलं.

"काळी झाली? सगळ्यांची?" तिचं तोंड असं फुललं, जसा कुणी पेढा दिला. "म्हणजे खरंच पाजलं की तुम्ही!"

मला वाटलं, ही आपल्यावर हसून राह्यली. डोस्कं फिरलं. खोकं उचललं, मागच्या नाल्यात भिरकावलं. लोकांनी आरोळी ठोकली.

ती ओरडली नाही, रडली नाही. लोकं पांगल्यावर एवढंच म्हणाली, "त्या औषधात लोखंड असतं. शी काळीच होते, त्यानं काही होत नाही. तुम्ही कॉलेजात होतात म्हणे? सायन्सला?"

जेवण गेलं नाही. अपमान झाला म्हणून. तिच्या डाव्या भुवईजवळ बारीक तीळ आहे. त्याचा इथं काही संबंध नाही, पण लिहून ठेवतो.

१९ नोव्हेंबर

सकाळी कुणी उठायच्या आत नाल्यावर गेलो. बाटल्या प्लास्टिकच्या, बूच पक्कं, बऱ्याच धड होत्या. चिखलातून काढून राह्यलो तर वर काठावर ती. हातात बादली.

"मला वाटलंच होतं," म्हणाली.

"काय वाटलं?"

"की याल. अन् एकटे याल."

दोघांनी बाटल्या धुतल्या. मंग तिनं निकाल दिला. "ज्या तोंडानं इख म्हणालात, त्याच तोंडानं आता घरोघर जाऊन सांगायचं. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतात. अन् रोज संध्याकाळी मला येऊन सांगायचं, कुणी पाजलं अन् कुणी नाही."

रोज! साधी शिक्षा नाही ही. बाईचा माझ्यावर लईच राग दिसतो.

२ डिसेंबर

जिथं जावं तिथं टोमणे. झुंबरकाकू म्हणाली, "काल इख, आज अमृत. परवा काय रे धर्मा, गोमूत्र?" कारभारी म्हणाला, "नर्सबाईनं काय पाजलं रं तुला? तुझी कोण्या रंगाची हाय सध्या?" अख्खा पार हसला. पूर्वीचा मी असतो तर कारभारीची गचांडी धरली असती. आज नुसता लाल झालो.

तरी बाटल्या परत गेल्या, घरोघर.

संध्याकाळी तिला सांगितलं. तिनं चहा ठेवला होता, दोन कप. सरकारी माणसाला दोन कप चहा लागतो, कामच तसं. पण माझ्याच हातात एक दिला. म्हणाली, "कुणी काय म्हणालं तुम्हाला?" सगळं सांगितलं, कारभारीचं सोडून. तिला कारभारीचंही माहीत होतं.

६ डिसेंबर

ती नाराज आहे. औषध पाजूनही लेकरांच्या पापण्या आतून पांढऱ्याच. खालची पापणी बोटानं ओढून कसं पाहायचं ते तिनं मला शिकवलं. स्वतःची पापणी ओढून दाखवली. लाल होती. चांगली लाल होती.

आज चुकून उमगलं. कारभारीच्या घरी बसलो होतो. त्याच्या बायकोनं औषधाचा चमचा लेकराच्या चहाच्या बशीत ओतला. "असंच देत्यात का?" विचारलं तर म्हणे, "मंग काय! नुसतं कडू लागतंय, थुकून टाकतंय. चहात बराबर जातंय. समदेच तसं देत्यात."

आमच्याकडं लेकरू बसाया लागलं की त्याला बशीत चहा. कोरा, गुळाचा, वर भाकरीचा कुटका.

बशीत पाह्यलं अन् मला प्रॅक्टिकलचा हॉल आठवला.

८ डिसेंबर, रविवार

आज गाजवलं!

पारावर बायामाणसं जमवली. काचेच्या गिलासात कोरा चहा घेतला, सगळ्यांना दाखवला. छान तांबडा. मंग त्यात औषध ओतलं. चहा बघता बघता काळानिळा झाला, दौतीतल्या शाईसारखा. चुलीच्या काडीनं कागदावर माझं नाव लिहून दाखवलं. उमटलं!

"आगं बाई," झुंबरकाकू तोंडाला पदर लावून म्हणाली, "लेकराच्या पोटात शाई!"

"शाई झाली म्हणजे लोखंड चहातच अडकलं. अंगाला काय लागणार? औषध नुसतं द्यायचं, वरून लिंबाचं पाणी. अन् चहा लेकराला द्यायचाच न्हाई."

"मंग लेकरू रडल त्याचं काय?"

"रडू द्या. रडाया बी रक्त लागतंय."

लोकं हसली. पण गेली ती लिंबं शोधत गेली. कौसल्या सिस्टर मागं उभी होती. म्हणाली, "हे कुणी शिकवलं?"

"त्याच सरांनी. ज्यांच्याशी वाजलं."

"मग फार वाईट नव्हते ते."

आमच्या घरी मात्र वेगळं सांगायची गरज नव्हती. आमचं घर तर माझंच आहे.

२२ डिसेंबर

थंडी कडक. शेतात तुरीवर पांढरं धुकं. घरोघर लेकरं खोकून राह्यली.

इथं लेकराला खोकला होऊन धाप लागली की म्हणत्यात, पोटात आलं. पोटात आलं की लेकरू साळूबाईकडं. साळूबाई बिब्बा दिव्यावर धरती, त्याचं तेल उकळलं की सुईनं लेकराच्या पोटावर ठिपके देती. चर्र वाजतं. जन्मभर राहत्यात ते. गावात कुणाचाही सदरा वर करा, साळूबाईची सही सापडती. माझ्याही पोटावर आहे, बेंबीच्या वर.

सिस्टर म्हणते, ते पोटात नाही, छातीत असतं. फुप्फुस भरतं. ज्याच्या अंगात रक्त नाही त्याला लवकर धरतं. लेकरू शांत असताना अंगडं वर करून पाहायचं. श्वास भराभर चालला असला तर गोळ्या. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडला, तर एक तास घालवायचा नाही, दवाखाना.

हे ऐकून मी तडक साळूबाईच्या घरी गेलो. तिथं एक लेकरू पुढ्यात, दिवा पेटलेला. मी दिव्याला लाथ मारली, वर काजळ धरायला टांगलेली वाटीही उडाली. "म्हातारे, लेकरं जाळून राह्यली तू!" म्हणलं.

साळूबाईनं पडलेला दिवा उचलला. "तुला बी जाळल्तं मीच," म्हणाली, "म्हून लाथ माराया उरला."

लेकराला मी स्वतः उपकेंद्रावर आणलं. मला वाटलं, कौसल्या सिस्टर शाबासकी देईल. तिनं लेकराला गोळी दिली, आईला समजावलं, त्यांना वाटेला लावलं, अन् मंग माझ्यावर असा जाळ काढला! "आता बायका चोरून जातील तिच्याकडं. मला कळणारसुद्धा नाही कोणतं लेकरू आजारी आहे. गावातलं पहिलं खोकणारं लेकरू साळूबाईच्या दारात जातं, माझ्या नाही! ती माझ्या बाजूनं असती तर…" इथं ती थांबली. "बायांना हातावर हात ठेवून बसवत नाही, धर्मराज. लेकराच्या पोटावर काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं त्यांना. तेवढं कळलं तरी पुष्कळ."

तिनं मला नावानं हाक मारली, पण ओरडताना. नशीब.

१४ जानेवारी १९९७, संक्रांत

तिनं तिळगूळ दिला. बाकीच्यांना ताटातून, मला कागदाच्या पुडीतून. उरलासुरला असणार. वर म्हणाली, "गोड बोला. निदान साळूबाईशी."

सणाच्या दिवशीही टोमणा.

पुडीत सहा लाडू होते. खाल्ले नाहीत, पेटीत ठेवले.

१८ जानेवारी, शनिवार, जालना

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहून राह्यलो.

काल दादा अन् बाबा वाटूरला गेल्ते. मी दुपारी मळ्यातून घरी आलो तर घर उघडं, कोणी न्हाई. सोनीला चार दिवसांपासून खोकला होता. आई म्हणत होती, थंडीचा हाय. मी गावभर लेकरांच्या पापण्या ओढत हिंडत होतो. घरच्या पोरीची पापणी पाह्यली न्हाई.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. डाळीच्या डब्यामागं औषधाची बाटली. जवळजवळ भरलेली. मी परत आणून दिली त्या दिवशी आईनं लपवून ठेवली ती तशीच. माझ्या आईनं माझंच ऐकलं होतं. पहिलं, इख म्हणालो ते.

कुठं गेल्या असतील ते कळलं. धावलो.

साळूबाईच्या अंगणात आई, वैनी, अन् वैनीच्या मांडीवर सोनी. अंगडं वर केलेलं. श्वास घेताना बरगडीखाली असा खड्डा पडत होता की त्यात लिंबू मावावं. ओठ निळसर. रडत नव्हती. रडायलाही रक्त लागतं, हे मीच म्हणलं होतं, लोकं हसावी म्हणून.

साळूबाईच्या हातात सुई. बिब्ब्याचं तेल फसफसत होतं.

आई मला पाहून उठली. "धर्मा, लाथ मारशील तर माझ्या छातीत मार. पोरीला बिब्बा पडल्याबिगर मी हलू देणार न्हाई. एक गेलंय माझं तसंच, बिब्बा न लावता. तुझ्या आधीचं."

मला हे माहीत नव्हतं.

माझे हात वर आले होते. पोरगी हिसकावून पळायला किती वेळ? पण आई आडवी पडली असती, अन् वैनी आईकडंच पाहत होती. कसं काय झालं ते मला अजून कळत न्हाई. मी साळूबाईच्या पुढ्यात खाली बसलो. दिव्याच्या वर तिनं काजळ धरायला वाटी पालथी टांगली होती, मी लाथेनं उडवलेली तीच, तिला पोचा आलेला. त्यात काजळ साठलेलं.

मी म्हणलं, "साळूआजी, खूण कर. तुझ्याच हातानं कर. पण गार कर. याच काजळाची. तुझा हात लागल्याबिगर पोरगी इथून हलणार न्हाई, अन् हलली न्हाई तर जगणार न्हाई. तुझ्या पाया पडतो."

अन् पडलो.

साळूबाईनं सुई खाली ठेवली. सोनीच्या पोटाकडं बराच वेळ पाह्यलं. त्या खड्ड्याकडं. मंग बोट काजळात बुडवलं अन् बेंबीच्या वर ठिपके दिले, बराबर जिथं बिब्बा देती तिथंच. सोनीनं हुं का चूं केलं न्हाई.

"गोजरे," ती आईला म्हणाली, "माझा हात लागला. गार बिब्बा हाय हा. पुसायच्या आत नर्सबाईकडं पोचव, न्हाईतर गुण यायचा न्हाई. जल्दी जा."

आई उठली. आई सगळ्यांच्या पुढं पळत होती!

कौसल्या सिस्टरनं पहिली गोळी पाण्यात चुरून दिली, चिठ्ठी लिहिली, सोनीला स्वतःच्या शालीत गुंडाळलं. कारभारीनं राजदूत फटफटी काढली. वाटूर फाट्यावरून जीप केली. इथले डॉक्टर चांगले. पोरीच्या नाकाला नळी लावली. म्हणाले, छाती भरली आहे, अन् अंगात रक्त फारच कमी. रक्त चढवावं लागेल.

आमच्यातून माझंच जुळलं. आई डॉक्टरला म्हणाली, "सायेब, याचं नगा घेऊ. याचं लई तापट हाय."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, या पोरीला थोडं तापटच पाहिजे आता."

१९ जानेवारी, रविवार, जालना

रक्त चढलं.

सकाळी सोनीचं नख पाह्यलं. त्यात गुलाबी झाक आली होती, पहाटेच्या रंगाची. श्वास अजून भराभर, पण खड्डा उथळ झाला.

दुपारी बघतो तर कौसल्या सिस्टर दारात. हातात डबा, पिशवीत संत्री. रविवारीसुद्धा ड्युटी लावतात या बाईला! सरकार म्हणजे काय बोलावं. तिनं सोनीला तपासलं, वैनीशी बोलली, मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला चक्कर येते का? काही खाल्लं का?" डब्यात मेथीची भाजी अन् बाजरीची भाकरी. मी म्हणलं, "पेशंटला हे चालतं?" ती म्हणाली, "पेशंटला नाही." अन् खिडकीबाहेर पाहू लागली. थकली असणार, एसटीनं उभ्यानं आली होती.

मी तिला गार बिब्ब्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली, डोळे मोठे करून. शेवटी म्हणाली, "तुम्हाला कसं सुचलं?"

"आपोआप. माझं मलाच सुचलं."

"हो का," म्हणाली. हसली.

२५ जानेवारी

घरी आलो. अख्खी गल्ली दारात. सोनीनं पहिला पराक्रम केला. आईनं सवयीनं बशीत चहा पुढं केला, तर पोरीनं बशी भिरकावून दिली. थेट अंगणात!

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "रक्त लागलं गं बाई, काकाचं!"

कारभारी म्हणाला, "आता नाल्याला कुंपण घाला."

मी दिवसभर हसत होतो.

१६ फेब्रुवारी

साळूआजीच्या अंगणात बिब्ब्याची सुई गंजून राह्यली. आता लेकरू आणलं की ती अंगडं वर करती. सिस्टर तिच्या शेजारी बसून पंधरा दिवस शिकली अन् शिकवलं, दोघी एकमेकींना. नुसता खोकला असला तर साळूआजी गूळ-अद्रक सांगती. श्वास पळत असला तर काजळाची एक टिकली, अन् खड्डा पडत असला तर तीन. काजळ पुसायच्या आत उपकेंद्र, असा तिचा कायदा. तिचा कायदा कोण मोडणार? सरकारचा मोडतील.

या महिन्यात गावातली सहा लेकरं काजळ घेऊन आली. सहाही खेळून राह्यली. शेजारच्या गावातून लोक विचारत येत आहेत, गार बिब्बा इथंच मिळतो का म्हणून.

अन् काळ्या शीचं तर विचारूच नका. बाया पाण्याला जाताना एकमेकींना सांगत्यात. झुंबरकाकू परवा कारभारीच्या बायकोला म्हणाली, "आमच्याची लई काळी हाय बाई. तुमच्याची फिक्की दिसती. लिंबू देत न्हाईस का?"

६ एप्रिल

गुरुवारी तालुक्याचे डॉक्टर आले. सगळ्या लेकरांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. डॉक्टर एकेकाची पापणी ओढत गेले अन् शेवटी मागं वळून सिस्टरला म्हणाले, "या गावाला कुणी रंग दिला का?"

सोनी रांगेत उभी होती. सुई टोचली तेव्हा डॉक्टरला चावली. रक्त चांगलं निघालं. गावानं टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते माहीत न्हाई, रक्तासाठी की चावल्यासाठी.

मला मात्र आनंद होत न्हाई. काम संपलं. आता रोज संध्याकाळी जायला कारण काय? दोन दिवस गेलो न्हाई. भूक न्हाई, झोप न्हाई. पेटीतले तिळगुळाचे लाडू दगड झाले, तरी पाहत बसतो. काल तर ती रस्त्यात भेटली तेव्हा रागानं म्हणाली, "का येत नाही आता?" काय चुकलं माझं, ते सांगत न्हाई.

८ एप्रिल, पाडवा

दुपारी सोनीला खांद्यावर घेऊन साळूआजीकडं गुढीची साखर द्यायला गेलो. म्हातारीनं माझ्याकडं पाह्यलं.

"जेवतोस का?"

"न्हाई."

"झोपतोस?"

"न्हाई."

"धाप लागती?"

"उपकेंद्रावरून जाताना लागती," मी म्हणलं. खरंच लागती.

"सदरा वर कर."

"आजी, मी मोठा…"

"वर कर म्हणते नं!"

केला. तिनं तिच्याच जुन्या ठिपक्यांवर बोट फिरवलं. मंग पोचा आलेल्या वाटीतलं काजळ घेतलं अन् शेजारी तीन टिकल्या दिल्या. गार गार.

"आता कुठं जायचं, म्हाईत हाय नं? पुसायच्या आत."

पाय आपोआप चालले. उपकेंद्राच्या ओट्यावर ती निवडणं घेऊन बसली होती. मी समोर उभा. एक शब्द फुटेना. पारावर शंभर माणसांपुढं बोलतो मी!

"सोनीला काय झालं?" ती घाबरून उठली.

सोनीला कायदा पाठ. ती खाली उतरली, माझा सदरा दोन्ही हातांनी वर ओढला अन् म्हणाली, "काकाला. तीन."

कौसल्यानं त्या तीन टिकल्या पाह्यल्या.

"कधीपासून आहे हे?"

"नोव्हेंबरपासून," मी म्हणलं. "बाटल्या फेकल्या त्या दिवसापासून."

"अन् आज आणलं?" तिचा आवाज हलत होता. "अख्ख्या गावाला सांगून सांगून घसा बसला माझा, की उशीर करू नका. अन् तुम्ही! पाच महिने! इतकी वाट पाहतं का कुणी?"

मंग ती खाली बसली अन् पदरात तोंड घालून हसायला लागली, अन् सोनी टाळ्या वाजवायला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात दोन कप चहा, पुडीतला तिळगूळ अन् तो रविवार एकदम उजळला. बीएस्सी अर्धवट, दुसरं काय.

मी सदरा खाली करायला लागलो तर म्हणाली, "हळू. पुसेल."

घरी लग्नाचं अजून सांगायचंय. आई विचारल कोणाची पोर, बाबा ताटावरून उठतील, दादा तापल. मी ओरडणार न्हाई. साळूआजीला विचारलं, कसं सांगू, तर ती वाटी उचलून कमरेला खोचत म्हणाली, "चल. मी येते संगं. तुझ्या बापाच्या पोटावर बी माझीच सही हाय."